काळ्या चौकोनातला डोळा

काकांच्या छापखान्यात गिऱ्हाईक शिरलं की आधी मॉनिटरवर पंचा पडायचा. निळ्या काठाचा, धुतलेला, खास त्याच कामासाठी खुंटीवर टांगलेला पंचा. आपली लग्नपत्रिका कशी दिसतेय ते बघायला माणूस बोर्डीहून भर उन्हात आलेला असायचा आणि काका त्याच्यापुढे स्टूल सरकवून म्हणायचे, "बस ने. तिकडं काय बघतो? ते खोटं बोलतं. कागद निघेल तेव्हा बघ."

मी त्यांच्याकडे २०१४ साली लागले. तलासरीत कॉम्प्युटरचा क्लास केला होता. त्यात पत्रिकेवर गणपती कुठे बसवायचा आणि नावाला सावली कशी द्यायची, एवढं शिकवलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी डहाणूत ऑपरेटर झाले. काकांनी मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही. मी 'ऑपरेटर', मशीन चालवणारा 'मशीनमन', आणि केर काढायला येणाऱ्या मावशी 'झाडूखातं'. मावशींना याचा राग यायचा. त्या काकांच्या खुर्चीखालचा केर मुद्दाम ठेवून द्यायच्या.

काका हसत नसत. गळ्यात काळ्या दोऱ्याने बांधलेलं भिंग असायचं. जेवतानासुद्धा ते काढत नसत, त्यामुळे भिंगाला डाळ लागायची आणि मग दिवसभर "फोकस गेला" म्हणून कुरकुर चालायची. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. छापखान्यामागच्या खोलीत राहायचे, स्वतःपुरतं शिजवायचे. निम्मं गुजराती निम्मं मराठी बोलायचे आणि रागावले की दोन्ही बंद. फोनचा त्यांना भारी तिटकारा. लँडलाइन होती, पण काम चालू असलं की रिसीव्हर काढून टेबलाच्या खणात ठेवून द्यायचे. खणातून बारीक टूं-टूं ऐकू यायचं. गिऱ्हाइकं तक्रार करायची, "काका, तुमचा फोन कायम एंगेज." काका म्हणायचे, "मी पण कायम एंगेज."

मॉनिटरशी त्यांचं वैर कसं जुळलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. मला लागून महिनाही झाला नसेल. एका चिकूवाडीवाल्याच्या घरचं उत्तरकार्याचं कार्ड होतं. वर काळी पट्टी आणि पट्टीत पांढऱ्या अक्षरांत गेलेल्याचं नाव. माझ्या आधीचा ऑपरेटर ते बनवून वापीला नोकरीला निघून गेला होता. स्क्रीनवर नाव ठळक दिसत होतं. छापलं, घरच्यांनी नेलं, पाकिटांत घातलं, वाटलं. दुसऱ्या दिवशी गेलेल्याचे थोरले भाऊ कार्ड घेऊन आले आणि शांतपणे म्हणाले, "कोण मेलं तेवढं छापायचं राहिलंय."

पट्टी होती. काळीभोर, कोरी. घरात एकालाही कळलं नव्हतं, कारण घरच्यांना नाव पाठ होतं. पाठ असलेलं कोण वाचतं?

त्या दिवशी काकांनी मला ओव्हरप्रिंट शिकवलं. त्यांची शिकवणी छोटी असायची. "पांढरी शाई नसते, ऑपरेटर. पांढरं म्हणजे भोक." रंगावर पांढरी अक्षरं टाकली की सॉफ्टवेअर त्या रंगात अक्षरांची भोकं पाडतं आणि खालचा कागद दिसतो. ओव्हरप्रिंटची खूण केली की ते भोक पाडत नाही, वरचा रंग खालच्या रंगावर सरळ छापतं. काळ्या अक्षरांना ही खूण लागतेच, कारण आमचं म्हातारं मशीन कागद इकडेतिकडे सरकवायचं आणि खूण नसली तर अक्षरांभोवती पांढऱ्या कडा दिसायच्या. पण पांढऱ्याला ती खूण चुकून लागली तर भोक पडत नाही आणि छापायला शाईही नसते. पांढरं बुडतं. आणि स्क्रीनवर मात्र ते जागच्या जागी दिसत राहतं.

खरं काय छापेल ते आधी दाखवायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती म्हणे. आमच्याकडची आवृत्ती जुनी, कोणाकडून तरी सीडीवर आणलेली. ती सोय चालू केली की अजब खेळ चालायचा. चित्र लहान करून बघितलं की पांढरं नाव आहे, मोठं केलं की नाही, आणखी मोठं केलं की अर्धंच. एकदा काकांनी मला जवळ बोलावून तो खेळ पुन्हा पुन्हा दाखवला. "बघ. लांबून आहे. जवळ गेलो, नाही. माणसाने काय समजायचं?" मला हसू आलं होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी ते गिळलं. मग त्यांनी ती सोय कायमची बंद केली, आणि दुसऱ्या दिवसापासून पंचा आला.

पंच्याबरोबर डोळा आला. काकांचा स्वतःचा शोध. प्रत्येक कामाच्या कोपऱ्यात, कागद कापताना निघून जाईल अशा जागी, एक बारका काळा चौकोन आणि त्यात पांढरा गोल. छपाईची प्लेट करण्याआधी आम्ही एकेका रंगाचं बटर पेपरवर प्रिंट काढायचो. ते बटर काका खिडकीच्या उजेडावर धरायचे, भिंग लावायचे आणि पहिल्यांदा तो चौकोन बघायचे. गोल दिसला की पांढरं शाबूत. "डोळा उघडा आहे," ते मशीनमनला सांगायचे. हे तीन शब्द कानावर पडल्याशिवाय मशीन सुरू होत नसे. मशीनमनने एकदा सहज "चालू करू ना?" असं विचारलं, तर काकांनी त्याला बटर हातात देऊन खिडकीशी उभं केलं. "तू सांग. उघडा आहे का?"

गावात त्यांना लोक 'डोळेवाले' म्हणायला लागले. शाळेच्या गॅदरिंगचं कार्ड असो, चिकूच्या पेटीचं लेबल असो, निवडणुकीचं पत्रक असो, कोपऱ्यात डोळा. पुढची तीन वर्षं एकदाही पांढरं बुडालं नाही. काकांचा डोळ्यावर असा विश्वास बसला, की देव्हाऱ्यातल्या देवांना ते उदबत्ती लावायचे विसरायचे, पण डोळा विसरले नाहीत.

२०१७च्या चैत्रात विवळवेढ्याच्या जत्रेत एक म्हातारी हरवली. तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातल्या पाड्यावरची. मुलासोबत महालक्ष्मीला आली होती, गर्दीत हात सुटला. अलीकडे विसरायला लागली होती, स्वतःचं नाव विचारलं तर हसायची. मुलाने दोन दिवस जत्रा, हायवे, चारोटी सगळं पालथं घातलं आणि मग कोणीतरी सांगितलं म्हणून तो आमच्याकडे पोस्टर छापायला आला. मी त्या दिवशी नव्हते, कोसबाडला मामेबहिणीच्या हळदीला गेले होते. जे झालं ते मला मशीनमनने सांगितलं.

काका स्वतः कॉम्प्युटरवर बसले. म्हातारीचा एकच फोटो होता, कोणाच्या तरी लग्नातला, घोळक्यात उभी असलेली. त्यातून तिचा चेहरा कापून मोठा करायचा होता. ते दुपारभर त्या चेहऱ्याशी झटत होते. त्या दिवशी त्यांनी पंचा टाकला नाही. मुलाला शेजारी बसवलं, "नाक असंच का? गोंदण इथं का?" असं विचारत राहिले. मुलगा म्हणायचा, "हां. अशीच हाय आय."

खाली फोन नंबर काळ्या अक्षरांत होता. मुलाबरोबर आलेला चुलता म्हणाला, "नंबर लांबून दिसला पायजे, काका. रस्त्यावरनं जानाऱ्याला." काकांना पटलं. त्यांनी नंबराखाली लाल पट्टी टाकली आणि काळी अक्षरं पांढरी केली. झकास दिसायला लागला. मग बटर काढलं, खिडकीशी धरलं. डोळा उघडा होता.

मशीनवरचा पहिला कागद सगळ्यांनी बघितला. काकांनी, मुलाने, चुलत्याने, मशीनमनने. सगळ्यांनी चेहराच बघितला. "आली गं बाय," चुलता म्हणाला आणि मुलगा रडायला लागला. मग वाळायचीही वाट न बघता ओली पोस्टरं जीपमध्ये घालून ते निघाले आणि संध्याकाळपर्यंत डहाणूपासून चारोटी, उधवा, अच्छाडपर्यंत चिकटवून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोसबाडहून टमटमने परत येत होते. मल्याणच्या अलीकडे एका भिंतीवर पोस्टर दिसलं. आमची छपाई मी ओळखली, चेहऱ्याच्या कडेला तो किंचित सरकलेला रंग होताच. टमटम पुढे गेली आणि मग मी मान वळवून पुन्हा बघितलं. खाली लाल पट्टी होती. नुसती लाल.

मी छापखान्यात शिरले तेव्हा काका चहा पीत होते. उरलेल्यातलं एक पोस्टर त्यांच्यापुढे ठेवलं आणि पट्टीवर बोट ठेवलं. त्यांनी भिंग लावलं. भिंगाची काही गरज नव्हती. मग उठून त्यांनी कालचं बटर शोधलं, खिडकीवर धरलं आणि चौकोनावर भिंग टेकवलं.

"डोळा उघडा आहे," ते म्हणाले.

मी फाइल उघडली. नंबरावर टिचकी मारली. ओव्हरप्रिंटची खूण लागलेली होती. अक्षरं काळी असताना काकांच्याच नियमाने लागलेली, आणि रंग बदलला तरी तशीच चिकटून राहिलेली. मग डोळ्यावर टिचकी मारली. त्याला खूण नव्हती. ती खूण सगळ्या फाइलीला नाही, ज्याची त्याला वेगळी लागते हे मलाही त्या सकाळीच कळलं. डोळा काकांनी तीन वर्षांपूर्वी एकदा बनवला होता आणि तोच प्रत्येक कामात उचलून आणून ठेवायचे. तो कधी बंद होणारच नव्हता. इतकी वर्षं पांढरं वाचलं, कारण पांढरी अक्षरं मी काळ्याची पांढरी न करता नव्याने लिहायचे. डोळ्याने काहीच वाचवलं नव्हतं.

मी हे जमेल तितकं हळू आवाजात सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तो आपल्यापुरतंच बघत होता," एवढंच म्हणाले.

पुन्हा छापायला दुपार झाली असती. काका थांबले नाहीत. शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडून पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा आणि ब्रश आणला, मला स्कूटरवर मागे बसवलं. डबा माझ्या मांडीवर. नंबर मुलाचा घालायचा ना, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "त्यांच्या पाड्यावर रेंज नसते. काल मुलगाच बोलला. माझी लाइन आहे." आणि पहिल्याच पोस्टरच्या लाल पट्टीवर त्यांनी छापखान्याचा नंबर घातला. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं. कॉम्प्युटर येण्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

चैत्राचं ऊन. डांबर मऊ झालं होतं. एकेका भिंतीशी थांबायचं, मी डबा धरायचा, काकांनी नंबर लिहायचा, पुढे जायचं. चारोटी, तलासरी नाका, हायवेवरचे ढाबे. काका पाणीही प्यायले नाहीत. मी म्हणत होते, एकच दिवस गेलाय, एका दिवसात काय होतंय. मला खरंच तसं वाटत होतं.

अच्छाडला हायवेच्या कडेला एक चहाची टपरी होती. पोस्टर टपरीच्या फळीवरच चिकटवलेलं. काकांनी ब्रश टेकवला तशी टपरीवाली बाई गाळणी हातात घेऊनच बाहेर आली.

"आता लिहिता कं?" ती म्हणाली. "काल लिहायचा ना."

काकांचा हात थांबला.

"काल संध्याकाळची इथंच बसलेली ती. ह्याच कागदाखाली, ह्या बाकड्यावर. मी चा दिला, पाव दिला. कागदाकडं बघून हसत होती, सोताचाच फोटू. एक टेम्पोवाला होता, तो बोलला, अरे हीच ती. मोबाइल काढला त्यानं. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. नंबरच नाय. मी बोलले, थांब बाय, येतील तुझे. गिऱ्हाईक आलं, मी चा गाळायला वळले, तर उठून गेली."

"कुठं?" मी विचारलं.

तिने गाळणीनेच हायवेकडे हात केला. गुजरातच्या बाजूला.

काकांनी तो नंबर पुरा केला. अक्षर वाकडं गेलं नाही. मग डबा खाली ठेवून ते बाकड्यावर बसले, जिथे ती बसली होती तिथे. मी त्यांच्याबरोबर पाच वर्षं काढली, पण इतकं वाईट मला कधीच वाटलं नाही. टपरीवालीने त्यांना चहा दिला. त्यांनी कप हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत.

त्या संध्याकाळी आम्ही भिलाडपर्यंत विचारत गेलो. मुलगा आणि चुलता पुढे उंबरगाव, वापी करून आले. पोलिसांना सांगून झालं. म्हातारी मिळाली नाही. मेलेलीही मिळाली नाही.

छापखान्यात मग एक गोष्ट बदलली. रिसीव्हर खणातून बाहेर आला. काका फोनला चिकटले. मशीन चालू असताना घंटी ऐकू येणार नाही म्हणून ते मशीनमनला मधेच मशीन बंद करायला लावायचे आणि कान देऊन बसायचे. गिऱ्हाइकाचा फोन आला तर "हां, हां, ये" एवढंच बोलून ठेवून द्यायचे. मला घरी फोन करायचा असला तर बाहेर जाऊन मोबाइलवर करायचा. जेवायला ते टेबलाशीच बसायला लागले.

फोन यायचेही. कोणी संजाणहून सांगायचं, स्टेशनवर एक म्हातारी आहे. काका स्कूटर काढायचे. कधी दुसरीच असायची, कधी कोणीच नसायचं, कधी पलीकडची पोरं फिदीफिदी हसायची. भिलाडला एकदा एक बाई खरंच बेवारस बसलेली होती. पण ती आमची म्हातारी नव्हती. काका तिला जेवायला घालून परत आले आणि पुन्हा फोनशी बसले. कामं कमी होत गेली. डोळा त्यांनी सगळ्या फाइलींतून पुसायला लावला. पंचाही गेला, गिऱ्हाईक स्क्रीनवर बघून "छान" म्हणायचं आणि काका मान हलवायचे.

पुढच्या वर्षी जत्रेच्या सुमाराला मुलगा आला. बरोबर तांदळाची पिशवी होती. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "काका, आमी आयचं दिवस घातलं. भगताला इचारून केलं. तुमी बी सोडा आता."

"बॉडी मिळाली?" काकांनी विचारलं.

"नाय."

"मग कशाला घातलं?"

"घरात चूल पेटायला पायजे ना, काका," तो म्हणाला. तांदूळ टेबलावर ठेवून तो गेला. त्याच्या मनात काकांबद्दल काही नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. काकांना तेच सोसलं नाही. ती पिशवी कित्येक महिने तशीच पडून होती, शेवटी मावशींनी किडे लागले म्हणून उन्हात टाकली.

त्याच साली थंडीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. तलासरी, डहाणू, सगळीकडे माणसं घराबाहेर झोपायला लागली. आम्हीही अंगणात ताडपत्री बांधली होती. छापखान्याच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. मशीनमन काम सोडून गेला. मावशींनी हात जोडून सांगितलं, मी सांगितलं, शेजाऱ्यांनी खाट बाहेर नेऊन ठेवली. काका खाट आत घेऊन आले. फोनची वायर बाहेरपर्यंत पोचत नव्हती.

मी २०१९च्या उन्हाळ्यात काम सोडलं. लग्न ठरलं होतं, शिवाय पगार देण्याइतकं कामही उरलं नव्हतं. निघताना पाया पडले. "नीट जा, ऑपरेटर," काका म्हणाले आणि फोन वाजतोय का ते बघायला वळले. वाजत नव्हता. नंतर कळलं, छापखाना बंद झाला.

दिवाळीनंतर मी सासरच्या एका कामासाठी उधव्याला गेले होते. एसटीच्या शेडमध्ये बसची वाट बघत उभी होते. आतल्या भिंतीवर एक जुना कागद होता. छपराखाली असल्यामुळे पावसातून वाचलेला. आधी ओळखू आला नाही. लाल उडून मळकट गुलाबी झालं होतं, चेहरा पार गेला होता, कपाळावरचं गोंदणही नव्हतं. कडा कुरतडून गळून पडल्या होत्या. ऑइल पेंट जिथे लागला होता तेवढाच कागद भिंतीला घट्ट धरून होता. पांढरा नंबर. एकही आकडा पुसलेला नव्हता.

मला तो नंबर पाठ होता, तरी मी भिंतीवरचा वाचून लावला. लाइन कापली असेल, वाजून वाजून बंद होईल असं धरून चालले होते. पहिल्याच घंटीला उचलला.

"हां, बोला," काकांचा आवाज आला. "कुठं दिसली?"

बस आली, माणसं चढायला लागली. तिकडून पुन्हा, घाईने, "बोला ने. कुठं आहे ती? मी निघतो."

"काका," मी म्हणाले, "मी बोलतेय."



"ऑपरेटर, फोन ठेव," काका म्हणाले. "लाइन मोकळी ठेव."